सेक्रेटेरिएट : शर्यतीतली कारकीर्द आणि पैदाशीतली कारकीर्द

तापीकाठ (शहादा)

यंदा दत्तजयंतीनंतर सारंगखेड्याच्या यात्रेत पुतण्याबरोबर दोन दिवस काढले. त्याला एक घोडी घ्यायची आहे, आणि नोकरीतून मोकळ्या झालेल्या मला घोडे पाहत हिंडण्याखेरीज दुसरे काम नाही. मारवाडी, काठियावाडी आणि पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे हे यात्रेत नेहमीचेच. पण नदीकडच्या अंगाला एका दावणीवर एक उंच, सडपातळ, तांबूस घोडी बांधलेली होती. तिचा मालक येणाऱ्याजाणाऱ्याला मोबाइलवर एका घोड्याचे छायाचित्र दाखवत होता आणि सांगत होता की ही शर्यतीसाठीच पैदास होणाऱ्या थरोब्रेड जातीची घोडी असून हिच्यात जगातल्या सर्वांत वेगवान घोड्याचे, म्हणजे सेक्रेटेरिएटचे रक्त आहे. मी कागद मागितले, तेव्हा तो म्हणाला, "कागद काय पाहता आबा, चाल पाहा." पुतण्या भारावून गेला होता. मी त्याला हाताला धरून शेवभाजीच्या दुकानाकडे नेले आणि व्यवहार पुढच्या रविवारवर ढकलला.

त्या मोबाइलवरच्या घोड्याची गोष्ट मी अनेक वर्षे जमेल तिथून वाचून वहीत टिपत आलो आहे. ती इथे मांडतो आणि शेवटी जाणकारांना एक प्रश्न विचारतो. पैजांविषयी इथे चर्चा करू नये, एवढी विनंती आहे.

सेक्रेटेरिएटचा जन्म ३० मार्च १९७० रोजी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, डॉसवेल येथील मेडो स्टड या फार्मवर झाला. बाप बोल्ड रूलर, आई समथिंगरॉयल आणि आईचा बाप प्रिन्सक्विलो. त्याच्या जन्माआधीची हकीकत मला शर्यतींइतकीच आवडते. बोल्ड रूलरची मालकी असलेले फिप्स घराणे त्याच्यासाठी रोख शुल्क घेत नसे. घोडीवाल्याने दोन वर्षे दोन घोड्या पाठवायच्या आणि होणारी शिंगरे नाणेफेक करून वाटून घ्यायची, असा करार असे. १९६९ मध्ये नाणे उडाले, ऑग्डेन फिप्स जिंकले आणि त्यांनी समथिंगरॉयलची त्या वर्षी जन्मलेली मादी शिंगरू निवडली. करारानुसार हरलेल्या, मेडो स्टडचा कारभार पाहणाऱ्या पेनी चेनरी यांच्या वाट्याला समथिंगरॉयलचे पुढचे, अजून पोटात असलेले शिंगरू आले. जिंकून निवडलेली ती बछेरी, द ब्राइड, आयुष्यात एकही शर्यत जिंकली नाही. हरून मिळाला तो सेक्रेटेरिएट.

४ जुलै १९७२ रोजी न्यूयॉर्कच्या ॲक्वेडक्ट मैदानावर तो पहिल्यांदा धावला. सुरुवातीलाच दुसऱ्या घोड्याचा धक्का बसल्याने तो मागे पडला आणि चौथा आला. एकूण २१ शर्यतींत तो पहिल्या तिघांबाहेर राहिला तो एवढा एकदाच. उरलेल्या वीसांत १६ वेळा पहिला, तीनदा दुसरा आणि एकदा तिसरा. तीन दुसऱ्या क्रमांकांपैकी एक तर असा की तो जिंकून आला होता, पण दुसऱ्या घोड्याला आडवे गेल्याबद्दल पंचांनी त्याला खाली उतरवले. दोन वर्षांचा असतानाच त्याला अमेरिकेचा वर्षातला सर्वोत्तम घोडा ठरवण्यात आले, आणि हा मान त्या वयात सहसा कोणाला मिळत नाही.

१९७३ च्या वसंतात वुड मेमोरियल या शर्यतीत तो तिसरा आला, तेव्हा टीकाकारांना तोंड फुटले. त्याच्या तोंडात गळू झाले होते हे नंतर सर्वांना कळले. दोनच आठवड्यांनी केंटकी डर्बी होती. सव्वा मैलाच्या त्या शर्यतीत त्याने पहिला पाव मैल २५.२ सेकंदांत, दुसरा २४, तिसरा २३.८, चौथा २३.४ आणि पाचवा २३ सेकंदांत कापला. मैदानावरचा बाकीचा प्रत्येक घोडा दमत जात असताना हा प्रत्येक टप्प्यात आधीपेक्षा वेगाने धावत होता. एकूण वेळ १ मिनिट ५९.४ सेकंद झाली. प्रीकनेस शर्यतीत तो सर्वांत मागून निघाला आणि पहिल्याच वळणावर सगळ्यांना बाहेरून ओलांडून पुढे गेला. तिथले घड्याळ बिघडल्याने त्याच्या वेळेचा वाद २०१२ पर्यंत चालला आणि अखेर १ मिनिट ५३ सेकंद ही वेळ मान्य झाली.

मग ९ जून १९७३ ची बेलमाँट. दीड मैल, मैदानात फक्त पाच घोडे. शॅम नावाच्या प्रतिस्पर्ध्याने सुरुवातीला त्याच्याशी खांद्याला खांदा लावून वेग धरला. तो वेग इतका जीवघेणा होता की हे दोघेही शेवटी कोसळणार, असे जाणकारांना वाटले. कोसळला तो शॅम. तो शेवटचा आला. सेक्रेटेरिएट २ मिनिटे २४ सेकंदांत पोहोचला तेव्हा दुसऱ्या घोड्याला ३१ लांबींचे अंतर होते. अमेरिकेची तिहेरी मुकुटाची मालिका, म्हणजे एकाच वर्षी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही शर्यती जिंकणे, १९४८ च्या सायटेशननंतर २५ वर्षांनी पुरी झाली. या तिन्ही शर्यतींतले त्याचे विक्रम अजून कोणी मोडलेले नाहीत. त्या दिवशीची त्याच्या नावाची ५,६१७ विजयी तिकिटे लोकांनी कधी वटवलीच नाहीत, आठवण म्हणून घरी ठेवली. दोन डॉलरच्या तिकिटाला दोन डॉलर वीस सेंटच मिळणार होते हेही खरे, पण मला ती गोष्ट लग्नपत्रिका जपून ठेवण्यासारखी वाटते.

आता प्रश्न. हा घोडा पैदाशीसाठी निवृत्त झाल्यावर त्याने काय दिले? काही जण त्याला पैदाशीतला अपयशी म्हणतात, काही जण आजच्या निम्म्या थरोब्रेड जगाचा आजोबा म्हणतात. एकाच घोड्याबद्दल या दोन्ही गोष्टी खऱ्या कशा असू शकतात?

महालक्ष्मीचा जुना (मूळ धरणगाव, हल्ली मुंबई)

आबा, धागा वाचून जुने दिवस आठवले. मी नोकरीसाठी मुंबईत आलो तेव्हापासून दर फेब्रुवारीत महालक्ष्मीला इंडियन डर्बी पाहायला जातो, तीही स्वस्तातल्या गॅलरीतून. आपली डर्बीही २४०० मीटरची आहे, म्हणजे बेलमाँटच्या दीड मैलापेक्षा नावापुरतीच कमी, त्यामुळे त्या अंतराचा अर्थ मला डोळ्यांनी कळतो. एक लांबी म्हणजे घोड्याच्या नाकापासून शेपटीपर्यंतचे अंतर, साधारण आठ फूट. डर्बीत दोन-तीन लांबींनी जिंकणे म्हणजे निर्विवाद जिंकणे. ३१ लांबी म्हणजे सुमारे ७५ मीटर. दुसरा घोडा अजून सरळ रेषेत झुंजत असताना हा जॉकीसह थांबण्याच्या बेतात असतो. जॉकी रॉन टर्कॉट मान वळवून मैदानातल्या वेळेच्या फलकाकडे पाहत असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे, आणि मागे त्याला पाहण्यासारखे फारसे काही नव्हते.

तुमच्या लेखात एक दुवा राहिला. बेलमाँटआधी या घोड्याबद्दल जी शंका होती ती वेगाची नव्हती, दमाची होती, आणि ती त्याच्या बापामुळे होती. बोल्ड रूलर एकूण आठ वर्षे उत्तर अमेरिकेतला सर्वांत यशस्वी जनक, म्हणजे पैदाशीचा नर ठरला, पण त्याची पोरे मैलभर वाऱ्यासारखी धावतात आणि पुढे ढेपाळतात, अशी त्यांची ख्याती होती. दम आला तो आईकडून, प्रिन्सक्विलोच्या रक्तातून, असे पैदासवाले सांगतात. हे सूत्र पुढे तुमच्या प्रश्नालाही लागू पडेल असे वाटते.

आणि तो हरलाही, हे विसरू नये. बेलमाँटनंतर दोनच महिन्यांनी साराटोगाला ऑनियन नावाच्या घोड्याने त्याला हरवले आणि सप्टेंबरमध्ये प्रूव्ह आउटने. दोघांचाही प्रशिक्षक एकच, ॲलन जर्केन्स. मधल्या काळात मार्लबरो कपमध्ये त्याने आपल्याच तबेल्यातल्या रिव्हा रिज या डर्बीविजेत्याला विक्रमी वेळेत मागे टाकले आणि ऑक्टोबरमध्ये हिरवळीवरच्या शर्यतीही जिंकल्या. २८ ऑक्टोबर १९७३ रोजी टोरंटोजवळच्या वुडबाइनला तो शेवटचा धावला, तेव्हा त्याचे वय फक्त साडेतीन वर्षे होते. एवढ्या लवकर निवृत्ती का, हे कोणी सांगावे.

शिरपूरचा पशुवैद्य

निवृत्तीचे कारण घोड्याच्या पायात नव्हते, वहीखात्यात होते. पेनी चेनरी यांचे वडील जानेवारी १९७३ मध्ये वारले आणि वारसा कराचा मोठा बोजा आला. घोडा तिहेरी मुकुट जिंकण्याच्या आधीच, फेब्रुवारीत, केंटकीतल्या क्लेबोर्न फार्मच्या सेथ हॅन्कॉक या अवघ्या २३ वर्षांच्या तरुणाने त्याचे भाग विकले. ३२ भाग, प्रत्येकी १ लाख ९० हजार डॉलर, म्हणजे एकूण ६० लाख ८० हजार डॉलर. एका भागाच्या मालकाला दर हंगामात आपली एक घोडी त्या घोड्याकडे पाठवण्याचा हक्क मिळे. आपल्याकडे सामायिक विहिरीवर ज्याच्या त्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात, त्यातला हा प्रकार समजा. तीन वर्षांचा हंगाम संपताच घोडा फार्मवर आला पाहिजे, ही अट त्या करारातच होती.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपण गाय-म्हैस भरवतो ती बहुतेक कृत्रिम रेतनाने. एका वळूच्या कांड्या हजारो गोठ्यांत जातात. थरोब्रेडमध्ये याला जगभर बंदी आहे. कृत्रिम रेतनाने किंवा भ्रूण प्रत्यारोपणाने झालेले शिंगरू कितीही शुद्ध रक्ताचे असले तरी वंशनोंदवहीत चढत नाही. घोडी प्रत्यक्ष घोड्याकडे न्यावी लागते, गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असतो आणि घोडीला वर्षाला एकच शिंगरू होते. त्यातही उत्तर गोलार्धात सर्व थरोब्रेडचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात. त्यामुळे मे महिन्यात जन्मलेले शिंगरू नोंदीत जानेवारीच्या शिंगराएवढेच मोठे ठरते आणि शर्यतीत मार खाते. म्हणून सगळ्यांना घोडी फेब्रुवारी-मार्चमध्येच भरवायची असते आणि घोड्याच्या पाळ्या मोजक्याच राहतात.

सेक्रेटेरिएट फार्मवर आला तेव्हा पहिल्या तपासणीत त्याच्या वीर्यात अपरिपक्व पेशी दिसल्या आणि भागधारकांच्या पोटात गोळा आला. खात्रीसाठी त्याच्याकडे आधी थरोब्रेड नसलेल्या घोड्या नेल्या. त्यांपैकी लिओला नावाच्या ॲपालुसा जातीच्या ठिपकेदार घोडीला शिंगरू झाले. म्हणजे या राजाचे पहिले अपत्य नोंदवहीच्या बाहेरचे होते. पुढे त्याची प्रजननक्षमता व्यवस्थित ठरली.

केळीवाला (रावेर)

डॉक्टरसाहेब, आमच्यासारख्या शेतकऱ्याला समजेल असे सांगा. केळीत एका खोडाचे दहा मुनवे लावले तर दहाही आईसारखेच निघतात. मग एवढ्या मोठ्या घोड्याची पोरे त्याच्यासारखी का निघाली नाहीत? माझ्या माहितीप्रमाणे त्याच्या पहिल्या वर्षाच्या पोरांपैकी एकावर लोकांनी दहा लाख डॉलरच्या वर बोली लावली होती. त्याचे काय झाले?

शिरपूरचा पशुवैद्य

भाऊ, मुनवा म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. शिंगरू म्हणजे अर्धे आईचे आणि अर्धे बापाचे, आणि कोणते अर्धे येईल ते कोणाच्याच हातात नाही. तुम्ही केळी बियांपासून वाढवून पाहिली असती, तर प्रत्येक झाड वेगळे निघाले असते.

तुम्ही म्हणता तो घोडा कॅनेडियन बाउंड. १९७६ मध्ये केंटकीच्या कीनलँड लिलावात तो एक वर्षाचा असताना १५ लाख डॉलरला गेला. लिलावात दहा लाखांच्या वर गेलेला तो पहिला वर्षाचा घोडा. त्याला फ्रान्सला नेले आणि तो एकही शर्यत जिंकू शकला नाही.

अमळनेरची लेक

मी घोडेवाली नाही, पण वंशावळी लावणे हा माझा छंद आहे. आमच्या घरी वाड्याच्या ओट्यावर बसून आजोबा सात पिढ्यांची नावे म्हणून दाखवायचे, आणि त्यात बायकांची नावे कधी नसायची. घोड्यांच्या वंशावळीत बरोब्बर उलटे आहे. तिथे आईची, आजीची, पणजीची रेघ खालून वरपर्यंत जपलेली असते आणि 'घराणे' म्हणजे आईचे घराणे. मला हे कळले तेव्हा फार बरे वाटले होते.

आबांच्या प्रश्नाचे उत्तर या खालच्या रेघेत आहे. सेक्रेटेरिएटच्या मुलांकडे पाहू नका, मुलींकडे पाहा. त्याची मुलगी वीकेंड सरप्राइज हिने सिएटल स्लू या १९७७ च्या तिहेरी मुकुटाच्या मानकऱ्यापासून ए. पी. इंडी याला जन्म दिला. तो १९९२ ची बेलमाँट जिंकला, त्या वर्षीचा सर्वोत्तम घोडा ठरला आणि पुढे स्वतः मोठा जनक झाला. दुसरी मुलगी टर्लिंग्वा, स्वतः फार वेगवान. तिचा मुलगा स्टॉर्म कॅट धावपट्टीवर साधारण चांगला म्हणावा एवढाच होता, पण पैदाशीत एका घोडीमागे त्याचे शुल्क पाच लाख डॉलरवर गेले. तिसरी सेक्रेटेम, तिचा मुलगा गॉन वेस्ट. एकट्या बापाच्या तीन मुली, तिघींच्या पोटी तीन बलाढ्य जनक. १९९२ मध्ये सेक्रेटेरिएट उत्तर अमेरिकेतला 'घोड्यांचा सर्वोत्तम आजोबा', म्हणजे ज्याच्या मुलींच्या मुलांनी सर्वाधिक कमाई केली असा जनक ठरला. ते पाहायला तो हयात नव्हता.

ही रेघ पुढेही ओढता येते. २०१५ चा तिहेरी मुकुटविजेता अमेरिकन फरो आईकडून स्टॉर्म कॅटच्या वंशातला आहे आणि २०१८ चा जस्टिफाय बापाच्या थेट रेघेत स्टॉर्म कॅटचा वंशज आहे. म्हणजे दोघांच्याही मागे टर्लिंग्वा आहे आणि तिच्या मागे तो तांबडा घोडा. ए. पी. इंडीचा नातू टॅपिट २०१४ पासून सलग तीन वर्षे उत्तर अमेरिकेतला अव्वल जनक होता.

आपल्याकडे 'खाण तशी माती' म्हणतात ते सहसा सून पाहताना, टोमणा म्हणून. इथे ते शब्दशः आणि मानाने लागू पडते.

तापीकाठ (शहादा)

ताई, माझ्या वहीत मुलांचीच नावे भरलेली आहेत आणि मुलींसाठी एक पान कोरे ठेवले होते, ते आज भरले. टॅपिट या नावात आपली तापी आहे असे मला उगाचच वाटत आले आहे. त्याचा तिच्याशी काही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे.

महालक्ष्मीचा जुना

अमळनेरच्या ताईंची माहिती बरोबर आहे, पण 'मुलांकडे पाहू नका' हे मला मान्य नाही. त्याची साडेसहाशेच्या आसपास शिंगरे नोंदली गेली आणि त्यांपैकी पन्नासहून अधिक जणांनी मोठ्या दर्जाच्या शर्यती जिंकल्या. कोणत्याही दुसऱ्या घोड्यासाठी हा हिशेब अभिमानाचा ठरला असता. त्याचा मुलगा रायझन स्टार १९८८ मध्ये प्रीकनेस जिंकला आणि बेलमाँट तर जवळजवळ १५ लांबींनी जिंकला. लेडीज सीक्रेट ही त्याची मुलगी १९८६ मध्ये नरांनाही मागे सारून वर्षातला सर्वोत्तम घोडा ठरली. लोक निराश झाले ते पोरे वाईट निघाली म्हणून नाही, दुसरा सेक्रेटेरिएट निघाला नाही म्हणून. मोठ्या गवयाच्या मुलाने मैफल नीट गायली तरी श्रोते घरी जाताना बापाचीच आठवण काढतात, तसे हे झाले.

मात्र एक दोष कबूल करावा लागतो. त्याचा एकही मुलगा बापाची रेघ पुढे नेणारा जनक झाला नाही. बापाकडून मुलाकडे जाणारी सेक्रेटेरिएटची रेघ क्षीण झाली आणि 'अपयशी' हा शिक्का तिथून आला. पैदाशीचा धंदा मुलांवर चालतो, कारण मुलगा त्या काळीही वर्षाला चाळीस-पन्नास शिंगरे देई आणि मुलगी एकच. भागधारकांनी पैसे घातले होते ते मुलांच्या आशेवर.

केळीवाला (रावेर)

मग मुली चांगल्या आणि मुले साधारण, असे का? रक्त तर दोघांत सारखेच.

शिरपूरचा पशुवैद्य

सारखे, पण अगदी सारखे नाही. मुलाला बापाकडून वाय गुणसूत्र मिळते आणि मुलीला एक्स. म्हणजे बापाच्या एक्स गुणसूत्रावर जे काही असेल ते फक्त मुलींकडे जाते, मुलाकडे कधीच जात नाही. यावरून एक मत निघाले की असाधारण मोठ्या हृदयाचा गुण एक्स गुणसूत्रावर असावा. सेक्रेटेरिएटला तो आईकडून, प्रिन्सक्विलोच्या वंशातून मिळाला असावा आणि त्याने तो मुलींमार्फत नातवंडांना दिला असावा. प्रिन्सक्विलोही आजोबा म्हणून फार नावाजलेला होता, त्यामुळे ही कल्पना ऐकताक्षणी पटते. मात्र ती सिद्ध झालेली नाही. धावण्याचा गुण एका गुणसूत्रावर बसलेला नसतो. हाडे, स्नायू, फुप्फुसे आणि स्वभाव मिळून तो होतो.

हृदयाची गोष्ट निघालीच आहे तर तीही नेमकी सांगतो. घोडा मेल्यावर शवविच्छेदन करणारे डॉ. थॉमस स्वर्झेक यांनी त्याचे हृदय पाहून ते सुमारे २२ पौंड, म्हणजे दहा किलो असावे असा अंदाज केला. थरोब्रेडचे हृदय साधारण चार किलोच्या आसपास असते. ते आजारी किंवा सुजलेले नव्हते, मोठे होते इतकेच. पण ते तराजूत घातले गेले नाही. बेलमाँटला शेवटचा आलेला शॅम पुढे मेला तेव्हा त्याचे हृदय मात्र प्रत्यक्ष वजन केले गेले आणि ते १८ पौंड भरले. त्या दिवशी पहिल्या वळणावर जे दोघे एकमेकांशी भिडले, त्यांच्या छातीत काय होते ते यावरून कळते. बिचारा शॅम दुसऱ्या कोणत्याही वर्षी जन्मला असता तर डर्बी त्याची होती.

अमळनेरची लेक

मला याहून साधे कारण दिसते. या घोड्याकडे पहिल्या वर्षापासून जगातल्या उत्तमोत्तम घोड्या आल्या, म्हणजे त्याच्या मुलींचे आजोळही उत्तमच होते. मग त्या मुली मोठ्या झाल्यावर त्यांच्यासाठी स्थळेही तशीच निवडली गेली: सिएटल स्लू, स्टॉर्म बर्ड, मिस्टर प्रॉस्पेक्टर. मुलाला मात्र स्वतःची किंमत सिद्ध करेपर्यंत दुय्यम घोड्या मिळतात आणि दोन-तीन वर्षांत जमले नाही तर गिऱ्हाईक फिरकत नाही. आणखी एक पाहा. ए. पी. इंडीच्या वंशावळीत बोल्ड रूलर दोन्हीकडून येतो, बापाकडून चौथ्या पिढीत आणि आईकडून तिसऱ्या. म्हणजे वीकेंड सरप्राइजमुळे जुने रक्त पुन्हा एकत्र आले. असे जुळवून आणणारा पैदासदार श्रेयाचा धनी आहे की घोडा, हे मला सांगता येत नाही.

महालक्ष्मीचा जुना

हे कारण मला एक्स गुणसूत्रापेक्षा जास्त पटते. आणि मादीचे म्हणाल तर आपल्या इंडियन डर्बीची सुरुवातच मादीने झाली आहे. १९४३ ची पहिली डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्युटिफुल या बछेरीने जिंकली होती.

आता आबांच्या घोडीविषयी. सेक्रेटेरिएटच्या मुलींमार्फत त्याचे रक्त इतके पसरले आहे की आयात घोड्यांच्या वाटेने ते भारतातल्या एखाद्या घोडीतही असणे अगदी शक्य आहे. तो मालक कदाचित खोटे बोलत नसेल. पण पाच-सहा पिढ्यांपूर्वीचा एक पूर्वज म्हणजे बत्तिसावा किंवा चौसष्टावा हिस्सा. त्यासाठी वेगळे पैसे मोजायचे तर तेवढेच पैसे उरलेल्या त्रेसष्टांसाठीही मोजावे लागतील. भारतात नोंदलेल्या प्रत्येक थरोब्रेडची नोंद पुण्याच्या स्टड बुकात असते, आईबापांची खात्री डीएनए तपासणीने केलेली असते आणि घोड्याच्या मानेत चिप आणि मालकाच्या हातात पासपोर्ट असतो. पासपोर्ट नसेल तर ती फक्त एक उंच तांबूस घोडी आहे. तिची किंमत तेवढीच लावा.

शिरपूरचा पशुवैद्य

घोडी पाहायला जाल तेव्हा आधी पाय पाहा, आणि पायांत आधी खूर. सेक्रेटेरिएट शेवटी खुरानेच गेला. १९८९ च्या शरद ऋतूत त्याला लॅमिनायटिस झाला. खुराच्या आत हाडाला खुराच्या भिंतीशी धरून ठेवणारे नाजूक पापुद्रे असतात, ते सुजतात आणि सुटू लागतात. पाचशे किलोंचे जनावर त्या सुटत्या हाडावर उभे असते, त्यामुळे वेदनेची कल्पनाच केलेली बरी. महिनाभर उपचार करून गुण येईना, तेव्हा ४ ऑक्टोबर १९८९ रोजी त्याला शांतपणे मरण देण्यात आले. तो १९ वर्षांचा होता. घोड्याचे फक्त डोके, हृदय आणि खूर पुरायचे अशी तिकडची जुनी रीत आहे. त्याला मात्र क्लेबोर्नच्या दफनभूमीत अखंड देहाने पुरले.

आपल्याकडे हा रोग मी दरवर्षी पाहतो आणि त्यातली बरीच प्रकरणे लाडाची असतात. यात्रेत घोडा गुटगुटीत दिसावा म्हणून महिनाभर हरभरा, गूळ आणि गव्हाचा मारा करतात, आणि जनावर एरवी दावणीला बांधलेले. खुराला हात लावला तर गरम लागतो, घोडा पुढचे पाय पुढे ताणून वजन मागे टाकतो आणि वळताना काटे टोचल्यासारखा चालतो. हे दिसले तर चाल कितीही नाचरी असो, सौदा करू नका. रावेरच्या भाऊंना सांगतो, एखादे केळे चालते, घड चालत नाही.

तापीकाठ (शहादा)

काल रविवारी पुन्हा गेलो. डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे घोडीला दगडी जागेवर वळवून चालवायला लावले. ती नीट वळली, खूर थंड होते. मग मी मालकाला एवढेच विचारले की हिच्या आईचे नाव काय. आमचे वडील बैलबाजारात म्हणायचे, "माय देखीसन वासरू लेवानं." त्याने सेक्रेटेरिएटपासून खाली चार-पाच नावे धडाधड सांगितली, सगळी नरांची. आईचे नाव त्याला माहीत नव्हते. पासपोर्ट पुण्याला राहिला आहे, तो मागवून घेतो, असे म्हणाला. मागवला की बोलू, असे सांगून आम्ही निघालो. आठवडा उलटला तर त्याची वाट पाहणार नाही.

पुतण्या दोन दावणी पलीकडे एका काठियावाडी घोडीजवळ रेंगाळला होता. उंचीने ती त्या तांबूस घोडीच्या खांद्यापर्यंतही पोहोचत नाही. तिची आई शेजारच्याच खुंटाला बांधलेली होती, म्हातारी, पण चारही पाय स्वच्छ, आणि पायाशी यंदाचे शिंगरू. आकडा अजून जुळलेला नाही. अमळनेरच्या ताई, वीकेंड सरप्राइजच्या आईकडची रेघ तुमच्याकडे असेल तर इथे टाका. माझ्या वहीत तिच्या आईपुढची जागा अजून रिकामी आहे.